दुसऱ्या कलमाची मोकळी जागा

१५ सप्टेंबर, सोमवार. भाद्रपद वद्य नवमी

अरूला काल दाखल केले. पितृपक्षात नको, असे सौ. तीनदा म्हणाली. डॉक्टरीणबाईंच्या वेळापत्रकात पितृपक्ष नाही.

बायपासवरचे रुग्णालय, अकरावा मजला, दुहेरी दाराची खोली. आजपासून आत कोणी जायचे नाही. आधी औषधाने हाडांतला मगज जाळायचा, मग तिच्याच रक्तातून काढून गोठवलेल्या पेशी तिला परत द्यायच्या. त्या रुजेपर्यंत साधी शिंकही तिला भारी पडेल. तीन आठवडे म्हणतात. अधिकही म्हणतात.

उशाशी ठेवायला पोथी पाठवली होती, ती परत आली. सिस्टर म्हणाली, अंकल, कागजमें फंगस होता है. दोनशे वर्षांच्या कागदाविषयी असे कोणी प्रथमच बोलले. लॅपटॉप मात्र चालतो, स्पिरिटने पुसून.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अरूचा दूरध्वनी. आवाज ठीक. आमचे काम थांबवायचे नाही म्हणते. निवृत्तीनंतर हाती घेतलेला तीन हस्तलिखितांचा मेळ. पानांची छायाचित्रे तिनेच काढून घरच्या संगणकात भरली, त्यासाठी दोन पडदे मांडले. आडव्या पडद्यावर ती टंकते, उभ्यावर पोथीचे पान. तिचे ऑफिस सुटल्यावर रोज तास-दीड तास आम्ही दोघे शेजारी बसत असू. आता ती तिकडून त्याच संगणकात येणार.

"बाबा, बाहेरून यायची वाट मी मागेच करून ठेवलीय. तुम्ही फक्त आतून कडी काढा."

सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात रिमोट डेस्कटॉप. चालू केले. संगणकाने विचारले, नक्की ना? किती दिवसांनी मला कोणी इतका सोपा प्रश्न विचारला.

तरी जमले नाही. ती घरी चार आकडी पिन दाबून उघडत असे. तो पिन त्या संगणकासमोर बसलेल्यालाच चालतो. दुरून येणाऱ्याला मूळ पासवर्ड लागतो. तो तिला आठवेना. तीन वर्षांत लागलाच नव्हता.

१७ सप्टेंबर, बुधवार

बंगाल्यांची विश्वकर्मा पूजा. आकाशभर पतंग. खालच्या मजल्यावरचे नंदीबाबू, टेलिफोन खात्यातून निवृत्त, प्रसाद घेऊन आले. मी पासवर्ड शोधत होतो. म्हणाले, "जोशीदा, आज यंत्राला सुट्टी. आज स्क्रूड्रायव्हरसुद्धा धरायचा नाही, आणि तुम्ही कॉम्प्युटर उघडून बसलात. एवढे पंडित!" मी सांगितले, आमची हत्यारपूजा खंडेनवमीला, अजून चौदा दिवस आहेत. "म्हणजे तुमचा विश्वकर्मा लेट चालतो," म्हणाले, आणि शोधायला बसले.

सापडला तो सौ.ला. या घरात जे हरवू नये ते पंचांगात लिहायचे अशी रीत. गॅसचा नंबर, डोळ्यांचा नंबर, सगळे. जुनी पंचांगे मी टाकत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या पंचांगात आषाढाच्या समासात अरूचे अक्षर. काय आहे ते येथे लिहीत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सायंकाळी पाचला आली.

मला वाटले होते, पडद्यावर बाण आपोआप हिंडू लागेल, अक्षरे उमटताना दिसतील. तसे नाही. ती आत आली आणि इकडचे दोन्ही पडदे मिटले. एकावर नुसते घड्याळ, दुसरा काळा. घाबरून बटण दाबले, पंचांगातला पासवर्ड घातला. सगळे परत दिसू लागले. लगेच फोन.

"बाबा, तुम्ही मला बाहेर काढलंत."

एका वेळी एकच. ती आत असली की येथे काही दिसायचे नाही. येथून उघडले की ती बाहेर. पुन्हा आली, पडदे पुन्हा मिटले. मी समोर बसून राहिलो. फोनवर ती पाठ वाचत होती, मी मूळ पोथी मांडीवर घेऊन ताडून पाहत होतो. अठरा ओळी झाल्या.

सौ. चहा घेऊन आली. मिटलेल्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "आहे का आत?" मी मान हलवली. तिने पदराने पडद्याची धूळ पुसली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अपराध माझा. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावण्याआधी घरातली सर्व बटणे बंद करायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. आज भिंतीवरचे संगणकाचे बटणही बंद केले. ती एका ओळीच्या मध्यावर होती. रागावली नाही. "आपल्याकडे विजेचाही संधिकाल पाळतात, हे विसरलेच मी," म्हणाली. संगणक झोपू नये अशी सेटिंगही करून घेतली. किती वेळाने झोपावे याच्या यादीत एक शब्द 'कधीच नाही' असा आहे. तो निवडला.

बटणावर चिकटपट्टी लावली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

सकाळी घट बसवला. माती गंगेकाठची, नंदीबाबूंनी आणून दिलेली. सात धान्ये पेरली.

अकरा वाजता अरूला पेशी दिल्या. रक्ताची लहानशी पिशवी, वीस मिनिटे, संपले. काचेतून पाहिले. डोक्यावर केस नाहीत. तिने दोन बोटे वर केली. येताना सियालदहला गाडीसाठी उभे असता सौ. म्हणाली, केव्हा रुजल्या कळेल? मी म्हटले, बारा-चौदा दिवस. "घट त्याआधी उगवतो," म्हणाली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तोंडात फोड. बोलणे थोडे. रोज पाचला येते मात्र. डोळ्यांना अक्षरे दिसत नाहीत म्हणून तिने तिकडून पडदा लहान मापाचा करून घेतला. अक्षर मोठे, मजकूर कमी. वायफाय मंद म्हणून रंगही कमी केले. पोथीची लाल शाई आता मला करडी दिसते, म्हणाली.

ती गेल्यावर उघडून पाहिले. दोन पडद्यांवर ऐसपैस मांडलेल्या तिच्या खिडक्या सगळ्या एका कोपऱ्यात एकीवर एक गोळा झाल्या होत्या. पाऊस आल्यावर वाळवण घाईने गोळा करावे तशा. मी त्या पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवल्या. उद्या पुन्हा गोळा होणार. तरी.

आज एका त्रुटित जागेवरून वाद. जुन्या पोथीत ती चार अक्षरे किड्याने खाल्लेली, बाकी दोन्हींत ती जागाच कोरी. तिला अर्थावरून भरायची होती. मी म्हटले, जे लिहिणाऱ्याने लिहिलेले दिसत नाही ते आपण त्याच्या नावावर घालायचे नाही. जागा मोकळी सोडायची. "तुम्हाला माहीत असलं तरी?" असे तिने विचारले. मी म्हटले, विशेषतः तेव्हा.

२८ सप्टेंबर, रविवार

ताप. पांढऱ्या पेशी शून्य. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे अपेक्षित आहे. अपेक्षित या शब्दाचा असा उपयोग मी आजवर ऐकला नव्हता.

पाचला पडदा मिटला. सात मिनिटांनी फोनवर, "आज नको बाबा." नुसती येऊन गेली.

३० सप्टेंबर, मंगळवार. महाष्टमी

गल्लीतल्या मांडवात सकाळपासून ढाक वाजतो. नंदीबाबूंनी समितीला सांगून आमच्या बाजूचा कर्णा फिरवून घेतला. सांगितले कोणी नव्हते.

पाच वाजता अरूचा फोन. अगदी हळू.

"आई जवळ आहे?"

नाही, मांडवात देवीला पुष्पांजली वाहायला गेली आहे, म्हणालो.

"मी तिथे, घरच्या मशीनवर, एक फाइल केलीय. माझं काय करायचं, काय नाही, ते लिहितेय. दोन-तीनच कलमं. बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहून ठेवते. उद्या पुरी होईल. तोवर उघडू नका."

बरे, म्हणालो. आणखी काय म्हणणार. अशी वेळ येणार नाही, असे म्हणायला हवे होते का? तिला ते आवडले नसते.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

दुपारी लिहितो. मन बऱ्याच दिवसांनी शांत. पूजा यथासांग झाली.

आमच्या घरी या दिवशी ज्या साधनाने आपण जगतो ते पाटावर मांडतात. वडील लेखणी आणि दौत मांडत; मी पोथी आणि भिंग. पूजा झालेल्या साधनाला दशमीच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. सकाळी स्नान करताना मनात आले, या वर्षी आपल्या घराचे खरे साधन तो संगणक. तो लढतो आहे तिच्यासाठी. त्याला फूल-अक्षता न देता पोथीला काय द्यायच्या?

सौ. म्हणाली, "तिला विचारलंत का?" काल ताप होता, निजली असेल, उठवू नये, असे मी म्हटले. पाचपर्यंत ती येतही नाही; काम एक दिवस राहिले तर राहिले.

पडदा मिटलेलाच होता. बंद करताना त्याने विचारले, कोणीतरी अजून आत आहे, बंद केल्यास न साठवलेले काम जाईल, तरी करायचे? असे तो नेहमीच काहीबाही विचारतो. हो म्हटले. चिकटपट्टी काढून बटणही बंद केले. पाटावर ठेवला, हळदकुंकू, झेंडूचे फूल, निरांजन. सहस्रनाम म्हणायला बसलो. घटातली रोपे वीतभर, पिवळट. ढाकाचा आवाज होता पण बाधला नाही.

सायंकाळी.

फोन आतल्या खोलीत होता. अरूचे नऊ कॉल. पहिला ९.४०, शेवटचा ११.५५. मी केला तर सिस्टरने उचलला. सकाळी ताप उतरला होता, दोन तास छान बसली होती, लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा काही जोडायचा प्रयत्न करत होती, होत नव्हते, म्हणाली. "बोली, घरकी मशीन मर गयी." चारला थंडी वाजून ताप चढला. रक्तदाब उतरला. खाली अतिदक्षता विभागात नेत आहेत.

पूजेतल्या यंत्राकडे पाहत हे लिहितो आहे. फूल तसेच आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

रस्ते मिरवणुकांनी बंद. सियालदहपासून चालत गेलो. सौ.ला नंदीबाबूंच्या घरी बसवले.

डॉक्टरीणबाई मराठीत बोलल्यासारख्या सावकाश हिंदीत बोलल्या. रक्तात जंतुदोष, फुप्फुसे थकली आहेत. श्वासनलिकेत नळी घालून यंत्रावर ठेवावे लागेल. पेशी रुजेपर्यंत तग धरला तर नळी निघेल. नाही धरला तर ती पुन्हा काढणे कठीण, मग तसेच दिवस जातात. तिच्या अवस्थेतले काहीजण आधीच सांगून ठेवतात, घालू नका. "उसने कुछ कहा था?"

मी दोन तास मागितले. त्या म्हणाल्या, एक.

घरी जाऊन येणे तासात शक्य नव्हते. नंदीबाबूंना फोन केला. किल्ली सौ.जवळ. त्यांनी पाटावरचा संगणक सुरू केला. पंचांगातला पासवर्ड सांगितला. उत्तरपूजा झालेली नव्हती. फाइल सापडली. ती मराठीत. नंदीबाबूंना देवनागरी येते पण मराठी नाही. त्यांनी एकेक शब्द बंगाली उच्चारांत वाचला आणि मी रुग्णालयाच्या जिन्यात ऐकत उभा राहिलो.

बाबा, हे आईला आत्ता दाखवू नका.
१. शुद्ध असेपर्यंत मला सगळं खरं सांगायचं. आकडेही.
२. नळी घालायची वेळ आली तर

पुढे? विचारले.

"आर किछु नेई, जोशीदा. इसके बाद कुछ नहीं."

साठवल्याची वेळ अष्टमी, सायंकाळी सहा वाजून दोन मिनिटे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल पुढे लिहवले नाही. आज लिहितो.

जिन्यात मी उभा होतो आणि मला ती चार खाल्लेली अक्षरे आठवत होती. वीस वर्षे हेच केले. दोन शक्यता असतात. संदर्भ पाहायचा, लिहिणाऱ्याची शैली पाहायची. अरूची शैली मला ठाऊक आहे. ती काय लिहील ते मला ठाऊक आहे असे वाटले, आणि ते मला नको होते. मग मी स्वतःला सांगितले की ठाऊक नाही.

वर जाऊन म्हणालो, घाला.

सही मराठीत केली. नाते या रकान्यात 'वडील'.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

यंत्र तिच्याऐवजी श्वास घेते. हाताला हात लावू देतात, हातमोजे घालून. पहिल्या कलमाप्रमाणे कानाशी आकडे सांगितले. पांढऱ्या पेशी दोनशे. शुद्ध नाही, तरी सांगितले.

सौ.ला सर्व कळले. नंदीबाबूंनी नाही सांगितले. तिने संगणक पाटावरून उचलून मेजावर ठेवला आणि पंचांगातला पासवर्ड घातला, तेव्हा फाइल समोरच होती. सायंकाळी दूध आटवायला ठेवले, मग गॅस बंद केला.

"मला विचारलं असतंत तर मीही घालाच म्हटलं असतं. पण विचारायचं होतंत. तिलाही, पूजेआधी. एक फोन."

मी म्हटले, मला वाटले ती निजली असेल.

"तुम्हाला दर वेळी वाटतं," म्हणाली. आवाज चढवला नाही. घटाचे विसर्जन राहिले आहे याची आठवण करून दिली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पेशी अकराशे. रुजल्या म्हणतात. मूत्रपिंडाचे अजून सांगता येत नाही म्हणतात.

आज जपाला बसलो आणि उठलो. देवाने माझी पूजा घेतली की नाही, हा प्रश्न नाही. घेतली असली तर ती कोणाच्या हातून काढून घेतली, हा आहे. तो पूजा करणाऱ्या कोणाही माणसाला सुटलेला नाही आणि मला शास्त्रात शोधायचा धीर होत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

नळी काढली. स्वतः श्वास घेते आहे. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण बसून बोलल्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाच मिनिटे भेट. घसा सोललेला, आवाज नाहीच जवळजवळ. मी आकडे सांगू लागलो, तिने मान हलवली, ते नको.

"मशीन बंद होतं."

मी बंद केले होते, म्हणालो. खंडेनवमी होती. पूजेत ठेवले होते.

माझ्याकडे पाहिले. हसेल असे वाटले. एरवी हसली असती.

"लिहिलं होतं मी. त्या दिवशी पहाटे. मग इथलं वायफाय गेलं. सेव्ह करायला परत यायचं होतं."

म्हणजे ती जागा मोकळी नव्हती. मिटलेल्या पडद्यामागे वाक्य पुरे होऊन उभे होते. संगणकाने विचारले होते, कोणीतरी आत आहे. मी हो म्हटले.

काय लिहिले होते, हे विचारायला तोंड उघडले. तिने डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, अंकल, बस.

जिन्यात पुन्हा तीच जागा आली, जेथे त्या दिवशी उभा होतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अकराव्या मजल्यावर परत. पण डायलिसिस चालू आहे. आणखी एकदा छाती बिघडली तर पुन्हा खाली न्यावे लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. आणि म्हणाल्या, या वेळी तिच्याकडूनच लिहून घ्या, ती शुद्धीवर आहे तोवर.

सौ.ने काचेबाहेरून फोनवर तिला विचारले. मी विचारणार होतो, तिने माझ्या हातून फोन घेतला. "अरू, तुला काय हवंय ते तू लिही. मी वाचलंय ते. मी आहे." अरूने मग लॅपटॉप मागितला.

घरी येऊन सर्व पाहून घेतले. रिमोट डेस्कटॉप चालू. झोप, कधीच नाही. बटणावर नवी चिकटपट्टी. फाइल होती तशी, 'तर' वर. मी तिला एक अक्षर जोडलेले नाही, पुसलेले नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी सिस्टरचा फोन. लॅपटॉप पुसून तिच्याजवळ दिला आहे. हात कापतो, पण उशी लावून बसवले आहे. उघडेल की नाही माहीत नाही. तिला फोन करू नका म्हणाली, थकते.

चारपासून समोर बसलो आहे.

पडदा मिटलेला आहे. घड्याळ दिसते. पण पंधरा मिनिटे कोणी हात लावला नाही तर तो आपोआपही मिटतो. ती सेटिंग अरूनेच केली, पूर्वी कधीतरी. ती आत असली तरी असाच दिसतो, कोणी नसले तरी असाच. खात्री करायची तर पासवर्ड घालावा लागेल, आणि ती आत असेल तर त्याच क्षणी बाहेर जाईल. ज्या शब्दावर असेल तेथून.

पाचला सौ. आली. "आली का ती?"

माहीत नाही, म्हणालो.

"बघा की."

बघितले तर जाईल.

तिने मग स्वयंपाकघरातले स्टूल आणून माझ्या शेजारी ठेवले आणि बसली. अरू बसायची त्या बाजूला. काल आणलेला मटार सोलायचा होता, तो मांडीवर घेतला.

दिवेलागण झाली. उठून देवापुढे दिवा लावला. घरातली बटणे बंद केली, एक सोडून. परत येऊन बसलो. हात मांडीवर ठेवले आहेत. मेजावर ठेवले तर धक्का लागेल.

पाच एक्कावन्न. पाच बावन्न.